आजोबांच्या डब्यातल्या जुन्या नोटा, ओळखायच्या कशा आणि किंमत किती धरायची?

जेलरोडची_लेक

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय इथे, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे आजोबा नाशिकरोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये होते, रिटायर होऊन गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. जेलरोडचं जुनं घर मागच्या महिन्यात रिकामं केलं तेव्हा माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला, आत वहीच्या कागदात गुंडाळलेल्या नोटा. प्रत्येक पुडीवर आजोबांच्या अक्षरात तारीख लिहिलीय, कुठली नोट कधी ठेवली त्याची. ते बघूनच आई रडायला लागली.

जे आहे ते सांगते. राजाचं चित्र असलेल्या पाचच्या दोन नोटा, राजाचा चेहरा एका बाजूला वळलेला. दहाची एक, तिच्यावर राजा समोर बघतोय. १९४० छापलेल्या एक रुपयाच्या चार. दोन रुपयांच्या जुन्या काही, त्यातल्या एकीवर 'दो रुपया' लिहिलंय आणि बाकीच्यांवर 'दो रुपये', ही छपाईची चूक आहे का? मग गांधीजी बसलेले आहेत तशा दोनची एक आणि दहाच्या दोन. ट्रॅक्टरवाल्या पाचच्या बऱ्याच, चाळीसेक असतील. २०१६ ला बंद झालेल्या हजाराच्या तीन. आणि एक दहाची आहे ती मला कळतच नाहीये, राजाचीच नोट आहे पण पांढऱ्या भागात वर इंग्रजीत गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान आणि खाली उर्दूत काहीतरी. त्या पुडीवर आजोबांनी फक्त 'कॅम्पातले मित्र, कराचीहून आलेले' एवढंच लिहून ठेवलंय.

आता खरी अडचण. काकांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितला की ट्रॅक्टरची नोट ७८६ नंबरची असेल तर पाच लाख मिळतात, आपल्याकडे तशी एक आहे, त्यांनी त्या नंबरवर फोन केला तर समोरच्याने रजिस्ट्रेशनचे १५५० भरायला सांगितले, काकांनी भरले, आता तो म्हणतोय टॅक्सचे १२ हजार भरा मग गाडी घरी येईल पैसे घेऊन. दुसरीकडे गावातल्या एका दुकानदाराने डबा बघून सगळ्याचे मिळून चार हजार सांगितले, आत्ताच्या आत्ता कॅश. काका म्हणतात देऊन टाकू, आई म्हणते एकही नोट जाणार नाही. मला आधी हे काय आहे ते नीट समजून घ्यायचंय. प्लीज कोणीतरी मदत करा.

गंगापूररोड_०९

ताई पहिलं काम, त्या माणसाला आता एक रुपयासुद्धा पाठवू नका!! हा सरळ सरळ फ्रॉड आहे. आधी थोडे मागतात, मग टॅक्स, मग ट्रान्सपोर्ट, मग इन्शुरन्स, आणि गाडी कधीच येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये यावर जाहीर सूचना काढली होती, की बँकेच्या नावाने आणि लोगोने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात फी, कमिशन, टॅक्स मागणारे लोक आहेत, बँक असल्या व्यवहारात नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. काकांना आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करून तक्रार नोंदवायला सांगा, पैसे कधी आणि कुठल्या ॲपने गेले त्याचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. आधार-पॅनचे फोटो पाठवले असतील तर तेही तक्रारीत सांगा.

नोटांचं मला फारसं कळत नाही, ते जाणकार लोक सांगतील.

काळाराम_संग्राहक

ताई, आधी तुमच्या आजोबांना नमस्कार. पुडीवर तारीख घालून ठेवणारा माणूस म्हणजे मनापासूनचा संग्राहक. त्या पुड्या फेकू नका, नोटेइतक्याच जपा, कारण नोट कुठून आली याचा असा हाताने लिहिलेला पुरावा फार कमी घरांत सापडतो.

मी वीसेक वर्षं नोटा गोळा करतोय, तुमच्या नोटांचं एकेक करून सांगतो. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, नोट जुनी आहे म्हणून महाग नसते. किंमत ठरते ती कंडिशनवर, सहीवर आणि तशा किती शिल्लक आहेत यावर. ऐंशी वर्षांची नोट दोनशेला जाते आणि पन्नास वर्षांची दोन हजाराला, असं रोज बघतो आम्ही.

पाचच्या दोन. चेहरा बाजूला वळलेला राजा म्हणजे सहावा जॉर्ज. रिझर्व्ह बँक १९३५ ला सुरू झाली पण तिची स्वतःची पहिली नोट आली जानेवारी १९३८ मध्ये, आणि ती हीच, पाचची. पहिल्या गव्हर्नरांची म्हणजे ऑस्बोर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही, दुसरे गव्हर्नर जे. बी. टेलर यांच्यापासून सह्या सुरू झाल्या. टेलर गेल्यावर १९४३ मध्ये आपले रायगडचे चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले, या पदावरचे पहिले भारतीय. बाजूला वळलेल्या राजाच्या पाचवर टेलर किंवा देशमुख, दोघांपैकी कोणाचीही सही असू शकते, भिंग घेऊन बघा आणि इथे लिहा.

दहाची, राजा समोर बघणारी, ही त्यानंतरची. युद्धाच्या काळात जपान्यांनी खोट्या नोटा काढल्या म्हणून चित्र बदललं आणि कागदात सुरक्षा धागाही तेव्हाच आला. उजेडावर धरा, धागा दिसेल.

१९४० चा एक रुपया. यावर गव्हर्नरची सही नसतेच, एक रुपया भारत सरकारचा, म्हणून सही अर्थखात्याच्या सचिवांची असते, तुमच्यावर सी. ई. जोन्स असणार. युद्धात चांदी वाचवायची म्हणून या प्रचंड छापल्या, त्यामुळे आजही भरपूर मिळतात. घडी पडलेली, मळलेली असेल तर शंभर-दोनशेच्या आसपास समजा, कोरी असेल तर हिशोब पूर्ण वेगळा.

'दो रुपया' ही चूक नाही, आणि तुम्ही ती नजरेत धरलीत याचं मला फार कौतुक वाटलं. स्वातंत्र्यानंतर १९५३ पासून नोटांवर हिंदी ठळक आली तेव्हा रुपयाचं अनेकवचन काय लिहायचं यावर चर्चा झाली आणि 'रुपये' कायम झालं. तुमच्या पुडीत दोन्ही आहेत म्हणजे आजोबांनी मुद्दाम जोडी लावून ठेवली असणार, त्या दोन वेगळ्या करू नका.

गांधीजींच्या नोटा १९६९ च्या, जन्मशताब्दीच्या, मागच्या बाजूला सेवाग्रामच्या आश्रमापुढे बसलेले गांधीजी. या फार दुर्मिळ नाहीत पण सही बघाच. बहुतेकांवर एल. के. झा असतात. बी. एन. आदरकर १९७० मध्ये मे ते जून जेमतेम सहा आठवडे गव्हर्नर होते तरी त्यांची सही दोन, पाच, दहा आणि शंभरवर आली, ती असेल तर बाजूला काढून ठेवा.

ट्रॅक्टरची पाच, यात लाख सोडा, वापरलेली नोट कोणी पन्नासलाही पटकन घेत नाही. ७८६ ला मागणी आहे हे खरं, पण ती नोट कोरी असेल आणि नंबर पूर्ण ७८६७८६ असा असेल तर. नुसतं शेवटी ७८६ आलंय अशा तर हजारो फिरतात. आणि ही नोट अजून कायदेशीर चलन आहे, काहीच नाही तर पाच रुपयाला कुठेही चालते.

हजाराच्या तीन ठेवायला हरकत नाही. २०१७ च्या कायद्यात जुन्या पाचशे-हजाराच्या मिळून दहापर्यंत नोटा कोणीही ठेवू शकतो आणि अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत, त्यावर गेलं की दंड. घरात अजून कुठे सापडल्या तर मोजून घ्या.

पाकिस्तानच्या नोटेवर सावकाश लिहितो, फोटो टाका आधी, दोन्ही बाजूंचे, आणि उजेडासमोर धरून एक.

प्रेसवाला_निवृत्त

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी पण नाशिकरोडच्या प्रेसचाच, तुमचे आजोबा माझ्या आधीच्या पिढीतले असणार.

तुमच्या डब्यातल्या बहुतेक नोटांचा जन्मच इथला आहे, तुमच्या घरापासून चालत जाता येईल तिथला. आधी आपल्या नोटा इंग्लंडात बँक ऑफ इंग्लंडमध्ये छापून बोटीने यायच्या. नाशिकला प्रेस सुरू झाल्यावर १९२८ मध्ये इथे पहिली नोट छापली, पाचव्या जॉर्जची पाच रुपयांची, आणि १९३२ पर्यंत सगळ्या नोटा इथे छापायला लागल्या. करन्सी नोट प्रेस वेगळी झाली ती १९६२ ला.

आणि ती पाकिस्तानची नोट! ती पण नाशिकचीच पोर. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे नोटा छापायची सोय नव्हती, म्हणून आपल्याच नोटांवर इंग्रजी-उर्दूत गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान, हुकूमत-ए-पाकिस्तान असं छापून इथून त्यांना दिल्या, १ एप्रिल १९४८ पासून त्या तिकडे चालल्या. आमच्याकडे जुने लोक डब्याच्या सुट्टीत या गोष्टी सांगायचे. कराचीहून आलेल्या माणसाच्या खिशातून ती पुन्हा नाशिकमध्ये आली आणि प्रेसमधल्याच माणसाच्या डब्यात राहिली, मला तर वाचूनच भरून आलं. कॅम्प म्हणजे देवळाली कॅम्प असणार, सिंधी कुटुंबं फाळणीनंतर तिकडेच मोठ्या संख्येने राहिली. आईंना विचारा, त्या मित्राचं नाव आठवतं का.

विकू नका असं मी सांगणार नाही, प्रत्येकाच्या घरची गरज वेगळी. पण ती एक नोट तरी चार हजाराच्या ढिगात घालू नका.

सराफबाजार_भिंग

कंडिशनबद्दल बोलतो कारण सगळा पैसा तिथेच आहे आणि लोक तिथेच घाण करतात.

कोरी म्हणजे एकही घडी नाही, कोपरे टोकदार, कागद कडक, हलवली की कडकड आवाज, तिला आम्ही यूएनसी म्हणतो. मधून एक हलकी घडी असली की एयू. दोन-तीन घड्या पण कागद अजून कडक तर एक्सएफ, मग व्हीएफ, मग फाईन, आणि त्याखाली मऊ पडलेल्या, मळलेल्या, कडा फाटलेल्या. यूएनसी आणि फाईन यांच्या भावात पाचपट-दहापट फरक पडतो, कधी त्याहूनही जास्त, म्हणून नुसतं 'जॉर्जची पाचची काय भाव' असं कोणी विचारलं की खरं उत्तर देताच येत नाही. डाव्या बाजूला टाचणीची भोकं दिसली तर घाबरू नका, पूर्वी बंडलं पिन मारूनच यायची, २००१ च्या सुमारास रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावलं, त्यामुळे आधीच्या कोऱ्या नोटेला पण भोकं असतात आणि संग्राहक ती चालवून घेतात.

आता काय करायचं नाही ते ऐका. धुवायची नाही, खोडरबर मारायचं नाही, इस्त्री करायची नाही, सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर अजिबातच नाही. मी सुरुवातीला माझ्या वडिलांची जॉर्जची शंभरची नोट ओल्या फडक्यात ठेवून इस्त्री केली होती, छान दिसावी म्हणून. घडी गेली पण छपाईचा उठाव पण गेला, बोट फिरवलं की सपाट लागायला लागली, ज्याने बघितली त्याने पहिल्या मिनिटात ओळखलं. त्या नोटेचं जे नुकसान केलं ते आजही मनाला लागतं, पैशापेक्षा जास्त ती वडिलांची होती म्हणून.

ओळखायची कशी दाबलेली नोट? तिरकी धरून लाईट टाका. अस्सल कोरी नोट थोडी लहरदार दिसते, आकडे आणि मोठी अक्षरं किंचित उठून दिसतात. इस्त्रीची एकदम सपाट, मेल्यासारखी.

ठेवायला पीव्हीसीच्या पाकिटात घालू नका, ते पाकीट कालांतराने चिकटतं. मायलर किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्रकारच्या प्लास्टिकची पाकिटं मिळतात, ती घ्या. आणि आपल्याकडे पावसाळ्यात भिंती घामेजतात, तो डबा माळ्यावर परत ठेवू नका, कसर लागते. कपाटात मधल्या फळीवर, सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

जेलरोडची_लेक

बापरे, सगळ्यांचे किती आभार मानू! काल रात्री आई आणि मी टेबललॅम्प आणि शेजारच्या काकांचं भिंग घेऊन बसलो होतो, बारा कधी वाजले कळलं नाही.

आधी काकांचं. त्यांनी १९३० वर तक्रार केली, नंबर ब्लॉक केला. फार मनाला लावून घेतलंय त्यांनी, मी त्यांना काही बोलले नाही.

पाचच्या दोन्ही नोटा बाजूला चेहऱ्याच्या, एकीवर जे. बी. टेलर आहे आणि दुसरीवर सी. डी. देशमुख!! दोन्हींना मधून एक उभी घडी, टेलरच्या नोटेला एका कोपऱ्यात थोडा गंज लागल्यासारखा डाग, टाचणीचा असेल. १९४० च्या चारपैकी दोन एकदम कोऱ्या, कडकड वाजतायत, नंबर एकापुढे एक आहेत. गांधीजींच्या दहाच्या दोनपैकी एकीवर झा आणि दुसरीवर आदरकर, आईने आधी ओळखली. म्हणजे आजोबांनी जोड्याच लावल्या होत्या, रुपया-रुपये, टेलर-देशमुख, झा-आदरकर, हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं नाहीतर आम्ही नुसत्या जुन्या नोटा म्हणून बघत होतो.

पाकिस्तानच्या नोटेचे फोटो टाकलेत. बऱ्याच घड्या आहेत, वरची कड थोडी फाटलीय. त्या मित्राचं नाव आईला आठवलं, इथे लिहीत नाही, पण त्यांची कापडाची गाडी असायची आणि आजोबा दिवाळीचे कपडे त्यांच्याकडूनच घ्यायचे.

एक प्रश्न, ही नोट खरी आहे हे कसं ठरवायचं, कोणीतरी नंतर शिक्का मारला असेल तर?

काळाराम_संग्राहक

फोटो झूम करून बघितले, मोबाईलवरून पक्कं सांगणं बरोबर नाही पण मला चांगली वाटतेय. तुमची शंका योग्य आहे, साध्या जॉर्जच्या नोटेवर नंतर शब्द छापून विकायचे प्रकार होऊ शकतात, म्हणून तीन गोष्टी बघायच्या. एक, अक्षरांच्या कडा, भिंगाखाली स्वच्छ आणि सारख्या हव्यात, रबरी शिक्क्याची शाई पसरते आणि कडेला जाड होते. दोन, घड्या. नोटेची घडी जिथे अक्षरावरून गेलीय तिथे अक्षराची शाई पण घडीबरोबर झिजलेली हवी. घडी जुनी आणि शाई तिच्यावरून अख्खी, म्हणजे शब्द नंतर आले. तुमच्या फोटोत उर्दू ओळीवरून जी घडी जातेय तिथे शाई तुटलेली दिसतेय, म्हणून मला बरं वाटलं. तीन, शक्य असेल तर दुसऱ्या खात्रीच्या नोटेशेजारी ठेवून अक्षरांची जागा ताडून बघायची.

किमतीचं. वेबसाईटवर लोक जो आकडा मागतात तो बघू नका, मागायला काय कोणी कोटीही मागेल. मुंबईत नाण्या-नोटांचे लिलाव होतात, त्यांचे कॅटलॉग आणि प्रत्यक्ष विकलेले भाव नेटवर बघायला मिळतात, तिथे सेम सही, सेम प्रकार, सेम कंडिशन शोधायची. व्यापारी त्यापेक्षा कमीच देणार, त्याला पण दुकान चालवायचंय, त्यात त्याची लबाडी नाही. पण सगळा डबा एका रकमेत मागणारा माणूस तुमच्या चांगल्या नोटा ट्रॅक्टरच्या भावात घेतोय हे लक्षात ठेवा. माझ्या अंदाजाने त्या पाचच्या दोन आणि पाकिस्तानची दहाची एवढ्याच धरल्या तरी चार हजार कमी आहेत, बाकी सगळं सोडून. एकापुढे एक नंबरच्या कोऱ्या १९४० च्या दोन, त्या जोडीनेच ठेवा, सुट्ट्या झाल्या की भाव पडतो.

घाई करू नका एवढंच. दोन वेगवेगळ्या लोकांना दाखवा, नोट हातातून सोडू नका, 'दोन दिवस ठेवून जा' म्हणाले की परत घेऊन या. आणि एखाद्या रविवारी आईंना घेऊन त्र्यंबक रोडला अंजनेरीला जाऊन या, तिथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे १९८० पासूनची, नाण्यांचं संग्रहालय आहे. नोटांचा भाव काढायला नाही, पण जुनी वस्तू नीट कशी बघायची त्याची सवय लागते. मुंबईला कधी गेलात तर फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय पण बघा.

सराफबाजार_भिंग

टेलरच्या नोटेचा गंजाचा डाग काढायचा प्रयत्न करू नका ताई, लिंबू, व्हिनेगर काहीही नाही. टाचणी अजून लागलेली असेल तर तेवढी सरळ बाहेर ओढून काढा, वाकवून नको, भोक मोठं होतं.

जेलरोडची_लेक

टाचणी नाहीये, आजोबांनीच काढली असणार. काका काल स्वतः आले आणि म्हणाले डबा आईकडेच राहू दे, ट्रॅक्टरच्या नोटा तेवढ्या नातवंडांना एकेक देऊ. दुकानदाराला 'नाही' म्हणून कळवलंय. फक्त एक सांगा, मायलरची पाकिटं ऑर्डर केलीत पण यायला आठवडा आहे, तोपर्यंत नोटा आजोबांच्याच वहीच्या कागदात ठेवल्या तर चालेल ना? कागद पिवळा पडलाय.

काळाराम_संग्राहक

इतकी वर्षं राहिल्या तिथे, आठवडाभर चालेल. नंतर मात्र पुड्या वेगळ्या पाकिटात, नोटा वेगळ्या, पिवळ्या कागदाचं आम्ल नोटेत उतरतं. कुठली पुडी कुठल्या नोटेची ते मागे पेन्सिलने नंबर टाकून ठेवा, पुडीवर हं, नोटेवर नाही.